सायकलला ऑटोमॅटिक गिअर बसवायचा आहे, सुरुवात कुठून करू?

प्रश्न थोडक्यात असा. मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या चौघांनी प्रोजेक्टसाठी मागे ७ गिअर असलेली सायकल घेतली आहे. अर्डुइनो उनो (कोड चालवणारं छोटं बोर्ड) आणि एमजी९९६आर सर्व्हो (सांगितलेल्या कोनापर्यंत फिरून तिथे थांबणारी मोटर) आणून झालाय. वेग वाढला की गिअर आपोआप वर जावा, कमी झाला की खाली यावा, एवढंच हवंय. सर्किट आणि कोड मिळेल का, असं विचारलंय.

कोड देत नाही, रागावू नका. माझा कोड माझ्या सायकलच्या वायरीचं घर्षण, माझ्या स्प्रिंगचा ताण आणि माझ्या गुडघ्यांच्या तक्रारी धरून लिहिलेला आहे. तो जसाच्या तसा तुमच्या सायकलवर चढवलात तर पहिल्याच दिवशी चेन स्पोकमध्ये जाईल. त्याऐवजी काय कोणत्या क्रमाने करायचं आणि मी कुठे तोंडघशी पडलो, ते सांगतो.

मी हे प्रकरण दोनदा केलंय. पहिलं यंत्र मुलाच्या जुन्या सायकलवर बसवलं, ते फसलं. दुसरं माझ्या रोजच्या सायकलवर आहे, त्याने पुण्यातले तीन पावसाळे काढलेत. दोन्ही वेळा इलेक्ट्रॉनिक्सला दोन रविवार पुरले. बाकीचे महिने चेन आणि डिरेलरने (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या यंत्रणेने) खाल्ले.

आधी एक गोंधळ सोडवू. इलेक्ट्रॉनिक गिअर वेगळा आणि ऑटोमॅटिक गिअर वेगळा. फ्रान्सच्या माव्हिकने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला झॅप आणला, शिमानोने २००९ मध्ये ड्युरा-एस या रेसिंगच्या गिअरसेटचा डीआय२ आणला. दोन्ही इलेक्ट्रॉनिक, पण गिअर कधी बदलायचा हे चालवणाऱ्याचं बोटच ठरवतं. उलट स्रॅमचा ऑटोमॅटिक्स नावाचा २ गिअरचा हब (चाकाच्या मधला तुंबा) पूर्ण ऑटोमॅटिक, आणि त्यात बॅटरी नाही की वायर नाही. वेग वाढला की आतली वजनं बाहेर फेकली जातात आणि गिअर पडतो. अमेरिकेत १९९० च्या दशकात टीव्हीवर जाहिराती करून ऑटोबाइक विकली गेली, तिच्या मागच्या स्पोकवर सरकणारी वजनं होती आणि त्यांच्या जोरावर डिरेलर हलायचा. तुम्हाला दोन्ही एकत्र हवंय: मोटरने ओढायचं आणि निर्णयही यंत्रानेच घ्यायचा. ओढण्याचा भाग सोपा आहे. निर्णयाचा भाग सोपा वाटतो.

सर्व्होला हात लावण्याआधी मागच्या डिरेलरची वायर शिफ्टरमधून (हँडलवरच्या गिअरच्या खटक्यातून) मोकळी करा आणि तिच्या टोकाला सामान तोलायचा ताणकाटा अडकवा. एकाने सायकल मागून उचलून धरायची, दुसऱ्याने पायडल हाताने फिरवायचं, तिसऱ्याने काटा हळूहळू ओढायचा, चौथ्याने आकडे लिहायचे. माझ्या सायकलवर सगळ्यात छोट्या चकतीपाशी (सातवा गिअर) दीड-दोन किलो आणि मोठ्या चकतीपाशी (पहिला गिअर) साडेपाच किलो ताण आला. जुन्या गंजक्या आउटरमधून (वायरीवरच्या नळीतून) ओढल्यावर तोच सात किलो. म्हणून आधी वायर आणि आउटर नवं टाका. इतक्या स्वस्तात एवढा फायदा पुढे कुठेच मिळणार नाही.

दुसरं मोजमाप वायर किती सरकते याचं. शिफ्टर परत जोडा, वायरीवर स्केच पेनने बारीक खूण करा, एकेक क्लिक देत व्हर्नियरने अंतर मोजा. शिमानोच्या ७ गिअरच्या जोडणीत एका क्लिकला साधारण २.९ मिमी वायर ओढली जाते. डिरेलर त्याचं १.७ पट करतो आणि चेन ५ मिमीच्या आसपास बाजूला नेतो, कारण शेजारच्या दोन चकत्यांमधलं अंतर तेवढंच असतं. सात गिअर म्हणजे सहा क्लिक, एकूण १७.४ मिमी.

आता सर्व्होच्या शाफ्टवर १२ मिमी त्रिज्येचा ड्रम आहे असं धरा. १७.४ भागिले १२ म्हणजे १.४५ रेडियन, सुमारे ८३ अंश. सर्व्होला फिरायला १८० अंश असतात, म्हणजे जागेची ददात नाही. टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, किती? घर्षणासकट ७ किलो गुणिले १.२ सेंमी, ८.४ किलो-सेंमी. आणि इथे तुमचा एमजी९९६आर मान टाकतो. त्याच्या कागदावर ४.८ व्होल्टला ९.४ आणि ६ व्होल्टला ११ किलो-सेंमी लिहिलेलं असतं, पण तो स्टॉल टॉर्क, म्हणजे सर्व्हो अडकून जागच्या जागी थरथरतो तेव्हाचा. त्याच्या निम्म्याहून जास्त रोज मागायचा नसतो. २० ते २५ किलो-सेंमीचा, धातूच्या दात्यांचा सर्व्हो घ्या. पुण्यात असाल तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या बाजूला, मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला चौकशी करा. आणलेला सर्व्हो फेकू नका, पुढे टेबलावर कोड तपासायला तोच बरा, जळला तरी दुःख होत नाही.

सर्व्होबरोबर येणारी प्लास्टिकची पट्टी थेट वापरायचा मोह होईल. पट्टी फिरते तसं वायरीचं सरकणं साइनच्या हिशोबाने बदलतं. मधल्या गिअरला १४ अंश लागले तर टोकाच्या गिअरला साडेसतरा लागतात. ड्रमला ही भानगड नाही. नायलॉनच्या गजातून लेथवर ड्रम काढून घ्या. त्रिज्या वायरीच्या मध्यापर्यंत मोजायची असते. गिअरची आतली वायर १.२ मिमी जाड, म्हणून खोबणीच्या तळाचा व्यास २४ नव्हे, २२.८ मिमी हवा. माझ्या पहिल्या ड्रमवर तो सरळ २४ होता. टर्नरची चूक नव्हती, मीच चित्रात तसं लिहून दिलं होतं. मी तेव्हा गिअरचे कोन सूत्राने काढत होतो, त्यामुळे पहिले तीन गिअर लोण्यासारखे पडायचे आणि सातव्याला पोचेपर्यंत जवळजवळ ०.९ मिमीचा फरक साठायचा. चेन खरखरायची आणि मी कोड तपासत बसायचो! आता सूत्र बाजूला ठेवलंय. प्रत्येक गिअरला खरखर पूर्ण थांबते तो आकडा हाताने शोधतो आणि सात आकड्यांचा तक्ता कोडमध्ये ठेवतो. आकडे अंशात नको, मायक्रोसेकंदात (सर्व्होला जागा सांगणाऱ्या पल्सच्या लांबीत) ठेवा. १२ मिमीच्या ड्रमवर एक अंश म्हणजे वायरीला ०.२१ मिमी आणि चेनपाशी ०.३६ मिमी. पूर्ण अंशांच्या पायऱ्या फारच जाड पडतात.

थ्रीडी प्रिंटरवर ड्रम काढणार असाल तर पीएलए नको. ६० अंशांच्या आसपास ते मऊ पडायला लागतं, आणि मे महिन्यात उन्हात लावलेल्या सायकलवरचा काळा डबा तिथवर सहज पोचतो.

पुढच्या तीन चेनव्हीलच्या (पायडलजवळच्या दातेरी चकत्यांच्या) नादी लागू नका. चेन मधल्यावर ठेवा आणि पुढचा डिरेलर तिथेच स्क्रूने जाम करा. काढून टाकू नका, तो जागेवर असला की चेन उतरत नाही. मागच्या डिरेलरचे एच आणि एल लिहिलेले दोन स्क्रू वायर न जोडता, हाताने ढकलून आधी नीट लावून घ्या. आपल्या अंगठ्याला अडथळा कळतो आणि तो थांबतो. २५ किलो-सेंमीच्या सर्व्होला कळत नाही. एल स्क्रू ढिला असेल तर तो चेन मोठ्या चकतीच्या पलीकडे स्पोकमध्ये नेऊन टाकेल; घट्ट असेल तर स्क्रूवर रेटत बसेल आणि पाच मिनिटांत वास यायला लागेल.

आता वीज. बहुतेक जण एक गोष्ट विसरतात: गिअर बदलायला वीज फार लागत नाही, बदललेला गिअर धरून ठेवायला लागते. हिशोब करा. एक गिअर बदलायला ६ व्होल्टवर दीड अँपियर ०.४ सेकंद, म्हणजे ३.६ ज्यूल. दिवसात ३०० वेळा बदलला तरी ०.३ वॅट-तास. पण डिरेलरची स्प्रिंग वायर सतत मागे ओढत असते, सर्व्हो तिच्याशी झुंजत राहतो. ४०० मिलिअँपियरने दोन तास झुंजला तर ४.८ वॅट-तास, म्हणजे सोळा पट. डीआय२ ची बॅटरी ७.४ व्होल्ट, ५०० मिलिअँपियर-तासांची एवढीशी असते आणि तरी ती एका चार्जमध्ये हजारेक किलोमीटर पुरते. कारण दोन गिअरच्या मधल्या वेळात तिथे मोटर गप्प असते.

म्हणून दुसऱ्या यंत्रात मी सर्व्हो सोडून वर्म गिअरची छोटी डीसी मोटर लावली, मिनिटाला १२ फेऱ्यांची. वर्मला मोटर फिरवू शकते, पण ओढणारी वायर त्याला उलटा फिरवू शकत नाही. वीज बंद केली तरी गिअर जागेवर. १४ अंश फिरायला तिला ०.२ सेकंद लागतात, पुरेसं आहे. ड्रम कुठे आहे हे कळायला शाफ्टवर एक पोटेन्शिओमीटर (फिरेल तसं व्होल्टेज बदलून कोन कळवणारा भाग). तुमच्याकडे वेळ कमी असेल तर सर्व्होवरच करा, परीक्षेच्या दिवसापुरती बॅटरी टिकेल.

सर्व्हो ठेवलात तर ही एक फजिती तेवढी टाळा. पहिल्या यंत्रात अर्डुइनो आणि सर्व्हो एकाच पुरवठ्यावर होते. १८६५० चे दोन लिथियम सेल आणि त्यापुढे व्होल्टेज उतरवणारं एलएम२५९६ चं तयार बोर्ड. पाषाणकडून सूस खिंडीच्या चढावर, मोठ्या चकतीवर, पूर्ण जोर लावून चाललो होतो. सर्व्होने झटका घेतला, व्होल्टेज कोसळलं, अर्डुइनो रिसेट झाला. रिसेट झाल्यावर माझा कोड इमानदारीने पहिल्या ओळीपासून सुरू झाला आणि सर्व्होला म्हणाला, मध्यावर ये. ऐन चढावर चेन धाडधाड तीन चकत्या उतरून चौथ्या गिअरवर आली, पायडल दगडासारखं झालं आणि मी हँडलवर पालथा. मागचा पीएमटीवाला जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

यातून घ्यायचं ते असं. एलएम२५९६ ला इनपुट आउटपुटपेक्षा किमान व्होल्ट-दीड व्होल्ट जास्त लागतं. सेल उतरून जोडीचं ६.६ व्होल्ट झालं की त्याच्याकडून ६ मागण्यात अर्थ नाही. सेल तीन घ्या, किंवा सर्व्हो ५ व्होल्टवर चालवा. अर्डुइनोचा पुरवठा वेगळा काढा, सर्व्होच्या अगदी जवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, ग्राउंड मात्र एकच ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं, कोड सुरू झाल्याबरोबर सर्व्होला हुकूम सोडू नका. सर्व्हो उघडून आतल्या पोटेन्शिओमीटरच्या मधल्या पायाला एक बारीक वायर डाग देऊन बाहेर काढा, ती ॲनालॉग पिनला द्या, आधी तो कुठे उभा आहे ते वाचा आणि तिथूनच सुरुवात करा. गिअरचा आकडा ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी न पुसल्या जाणाऱ्या मेमरीत) लिहून ठेवणं हा दुसरा रस्ता, पण उनोच्या चिपमध्ये एका जागी १ लाख वेळा लिहिण्याचीच हमी असते. दिवसाला ३०० प्रमाणे वर्षाच्या आत ती संपते.

सेन्सर दोन लागतात, एक मागच्या चाकाला आणि एक क्रँकला (पायडलच्या दांड्याला). बहुतेक प्रोजेक्टमध्ये फक्त चाकाचा असतो. 'वेगानुसार गिअर' ही कल्पनाच तिथून येते. पण गुडघ्याला सायकलचा वेग कळत नाही, मिनिटाला पायडलचे किती फेरे होताहेत ते कळतं. साधारण ६० ते ८० फेऱ्यांत आपण सुखात असतो. यंत्राने त्या पट्ट्यात आपल्याला ठेवायचं, एवढंच त्याचं काम.

क्रँकला एकच चुंबक लावलात तर ६० फेऱ्यांना सेकंदाला एक पल्स मिळेल. तोवर चढ सुरू होऊन तुम्ही उतरून चालायलाही लागाल. ई-सायकलच्या किटमध्ये १२ चुंबकांची चकती मिळते, ती क्रँकच्या आसावर बसते. ६० फेऱ्यांना दर ८३ मिलिसेकंदांनी पल्स. पायडल उलटं फिरतंय का हेही कळायला हवं, कारण गिअर अर्धवट असताना उलटं पायडल मारलं तर चेन हमखास अडकते. त्यासाठी शेजारी-शेजारी दोन हॉल सेन्सर (चुंबक जवळ आला की कळवणारे) लावा आणि कोणता आधी पेटतो ते पाहा.

हॉल सेन्सर ए३१४४ घेणार असाल तर दोन गोष्टी. तो चुंबकाच्या दक्षिण ध्रुवालाच दाद देतो, तेही त्याच्या छापील बाजूने. चुंबक चिकटवण्याआधी एकेक करून तपासा. मी अर्धा डझन एपॉक्सीने पक्के केले आणि त्यातले दोन उलटे निघाले. दुसरं, त्याला किमान ४.५ व्होल्ट लागतात. उद्या उनो सोडून ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या ईएसपी३२ बोर्डाकडे गेलात तर सेन्सरला ५ व्होल्टच द्या आणि आउटपुटचा १० किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर तेवढा ३.३ व्होल्टला बांधा. आउटपुट ओपन कलेक्टर (फक्त ग्राउंडकडे खेचणारं, स्वतः व्होल्टेज न देणारं) असल्यामुळे ते चालतं.

दोन सेन्सर लावण्याचा खरा फायदा वेगळाच आहे. चाकाचे फेरे भागिले क्रँकचे फेरे केलं की चेन प्रत्यक्षात कोणत्या चकतीवर आहे ते कळतं. पुढे ३८ दाते आणि मागे १४ ते २८ दात्यांची फ्रीव्हील (मागच्या चकत्यांचा संच) धरा. २८ वर हे गुणोत्तर १.३६ येतं, २४ वर १.५८, २२ वर १.७३, असं करत १४ वर २.७१. ड्रम म्हणतोय तिसरा गिअर आणि गुणोत्तर म्हणतंय दुसरा, तर चेन अजून सरकलेली नाही, थांबा. आणि चाक हिशोबापेक्षा जास्त फिरतंय, म्हणजे पायडल थांबलंय किंवा रिकामं फिरतंय. तसं असेल तर काहीही करू नका.

हे 'काहीही करू नका' कोडमध्ये सगळ्यात जास्त ओळी खातं. डिरेलर चेनला बाजूला ढकलतो, पण चकती बदलते ती चेन पुढे पळत असते म्हणून. पायडल थांबलेलं असताना डिरेलर हलवला तर चेन वाकडी होऊन ताणात उभी राहते आणि पुढच्या पायडलला एकदम उडी मारते. एका गिअरपुरतं हे खपतं. मुलाच्या सायकलवर मी अतिशहाणपणा करून 'सिग्नलला थांबली की पहिल्या गिअरवर आण' असा नियम घातला होता. पाच चकत्यांचं अंतर, चेन जागची हललेली नाही. सिग्नल सुटला, पोरगं पायडलवर उभं राहिलं, कडकन आवाज झाला. डिरेलरचा हँगर, एक्सलच्या नटाखाली बसते ती पत्र्याची पट्टी, चिमट्यासारखी वळली होती. पट्टी पाना लावून सरळ झाली. पोराने मात्र सायकल परत केली ती कायमची.

आता बदल कधी करायचा ते. वर जायची मर्यादा ८० फेरे, खाली यायची ६०, असं धरा. २८ वरून २४ वर गेलात की ८० चे ६९ होतात, म्हणजे पट्ट्याच्या आत राहता. ठीक. पण स्वस्तातल्या बऱ्याच सायकलींना १४ ते ३४ ची मेगारेंज फ्रीव्हील असते, तिच्यात २४ नंतर एकदम ३४ येतं. तुमच्या फ्रीव्हीलचे दाते आजच मोजा. ३४ वरून २४ वर ८० फेऱ्यांना गेलात तर फेरे पडतात ५६ वर. ते ६० च्या खाली, म्हणून यंत्र परत ३४ वर आणतं. तिथे ६० चे होतात ८५, ते ८० च्या वर, म्हणून परत २४. चढावर सायकल नुसती खो-खो खेळत राहते आणि तुम्हाला वाटतं सेन्सर खराब आहे. प्रत्येक जोडीला वेगळी मर्यादा द्या. या एका जोडीसाठी वर जाताना ९५ आणि खाली येताना ५० ठेवलं की दोन्हीकडून ६७ ते ७१ च्या आसपास उतरता. शिवाय एकदा गिअर बदलला की क्रँकचे निदान दोन फेरे पुढचा निर्णय घ्यायचा नाही.

पायडल चालू असेल तेव्हा फेऱ्यांवरून ठरवा. पायडल थांबलेलं असताना, उतारावर वगैरे, चाकाच्या वेगावरून फक्त 'आता पायडल सुरू झालं तर कोणता गिअर लागेल' तेवढं मनात ठरवून ठेवा, डिरेलर हलवू नका. पायडल सुरू झालं की एकेक गिअर सरकवत तिथे या.

प्रत्यक्ष हलवण्यातही खुबी आहे. मोठ्या चकतीवर चढवताना आपला अंगठा लिव्हर थोडा जास्तच दाबतो आणि मग सोडतो, शिफ्टरमध्ये तशी सोयच केलेली असते. मोटरनेही तेच करायचं: लागणाऱ्या जागेच्या पुढे वायर ०.७ मिमीच्या आसपास जास्त ओढायची, अर्धा क्रँकफेरा थांबायचं, मग परत यायचं. लहान चकतीवर उतरताना स्प्रिंग काम करते, जास्त ओढायची गरज नाही. यात अजून एक फायदा लपलाय. चढताना जास्त ओढून सोडल्यामुळे दोन्ही वेळा शेवटची हालचाल वायर सैल होण्याच्याच दिशेने होते. घर्षणामुळे चढतानाचा तिसरा गिअर आणि उतरतानाचा तिसरा गिअर यांत जो फरक पडतो, तो त्यामुळे जवळजवळ नाहीसा होतो.

जोर असताना गिअर बदलू नये, हे सायकलवाल्याला पाठ असतं, पण यंत्राला जोर कळणार कसा? टॉर्क सेन्सर महाग. १२ चुंबक इथे पुन्हा उपयोगी पडतात. चढावर क्रँक एकसारखा फिरत नाही. पायडल आडवं असताना पळतो, उभं असताना रेंगाळतो. पल्समधलं अंतर वाढलं की पाय वर-खाली आहेत आणि चेनवरचा ताण तात्पुरता कमी आहे. हुकूम त्या क्षणी सोडा. माझ्याकडे या एका बदलाने चढावरचा खडखडाट निम्म्याने कमी झाला, असं माझे कान सांगतात, मोजलेलं नाही.

चढ ओळखायला एमपीयू६०५० (कल आणि वेगातला बदल मोजणारा सेन्सर) लावू का, हे तुमचे गाईड विचारतीलच. मी लावला होता, काढून टाकला. त्या सेन्सरला चढ आणि वेग वाढणं यातला फरक एकट्याने कळत नाही. सिग्नल सुटल्यावर सेकंदाला १ मीटर प्रति सेकंद या दराने वेग घेतलात तर त्याला ५.८ अंशांचा, म्हणजे १० टक्क्यांचा चढ दिसतो. सपाट कर्वे रोडवर माझी सायकल कात्रजचा घाट चढत असल्यासारखी वागायची. वरून खड्डे. चढ आला की फेरे आपोआप पडतात, तेवढी खबर पुरे.

पावसाचं म्हणाल तर इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा जंक्शन बॉक्स आणि वायरींना ग्लँड. सगळ्या वायरी खालून आत घ्या, आणि डब्याच्या तळाला एक ३ मिमीचं भोक मुद्दाम पाडा. आत पाणी येतंच. ते बाहेर कुठून जाणार याची सोय केली तर डबा टिकतो.

हबमधल्या गिअरवर हे सगळं सोपं झालं असतं, हे मान्य करायला हवं. शिमानोच्या नेक्सससारख्या हबमध्ये गिअर उभ्या सायकलवर बदलता येतो. तिथे नियम डिरेलरच्या उलट, पायडलवर जोर नसला की झालं. शिमानोने २००७ मध्ये कोस्टिंग नावाची ३ गिअरची ऑटोमॅटिक यंत्रणा काढली ती हबवरच. आणि २०२२ मध्ये ई-सायकलसाठी डिरेलरवर ऑटोमॅटिक आणलं, तेव्हा पाय थांबलेले असताना चेन फिरवायचं काम मोटरकडे दिलं. तुमच्या सायकलला तशी मोटर नाही.

त्यामुळे हँडलवर दोन बटणं हवीतच, एक वर आणि एक खाली, आणि बटण दाबल्यावर पुढची १५ सेकंदं यंत्राने मध्ये तोंड घालायचं नाही. माझ्या सायकलवर वेग झपाट्याने कमी व्हायला लागला आणि पायडल थांबलेलं असलं की बारीक बझर वाजतो: दोन पायडल हलके मारा, मी गिअर उतरवतो. सवय व्हायला आठवडा लागला. तरी नळ स्टॉपला पिवळा दिवा दिसला की माझा अंगठा बझरच्या आधीच खालच्या बटणावर गेलेला असतो.